उभ्याने घेतलेले माप

बारा पहारेकऱ्यांपैकी दहा जणांच्या मूत्रमार्गाभोवतीचे ऊतक, ते उभ्याने लघवी करत असताना, प्रोस्टेटच्या सत्तरीतल्या रुग्णांपेक्षा तिपटीने कडक होत असे. त्याच दहा जणांना आडवे झोपवून मोजले की ते कोणत्याही निरोगी तरुणाइतके मऊ भरत असे.

अभ्यासाच्या तेराव्या आठवड्यात, शुक्रवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, या दहांपैकी एकाने माझ्या तंत्रज्ञाचा जबडा मोडला.

मी तेव्हा शेजारच्या खोलीत होते. दोन खोल्यांच्या मध्ये काच होती आणि काचेवर पांढरा कागद चिकटवलेला होता. पुरुष लघवी करत असताना बाईने तिथे असू नये हे मला कुणी सांगितले नव्हते. ते सर्वांनी गृहीत धरले होते आणि त्या सर्वांत मीही होते. कागद मीच चिकटवायला लावला होता. आत मोजमाप घेणारा तंत्रज्ञ लतीफ आणि मोजून घेणारा पुरुष. बाहेर मी आणि यंत्राचा पडदा. हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याच्या घरघरीमुळे आतले काही ऐकू येत नसे.

यंत्राचे काम थोडक्यात असे: ते ऊतकाला ध्वनीचा एक सूक्ष्म धक्का देते आणि त्या धक्क्याची लाट किती वेगाने पसरते ते मोजते. कडक पदार्थात लाट वेगाने जाते. मऊ भाग पडद्यावर निळा दिसतो, कडक भाग तांबडा. लघवी सुरू होताना मूत्रमार्गाभोवतीचा स्नायू सैल पडतो, म्हणून तिथे निळा रंग पसरायला हवा.

त्या शुक्रवारी पडद्यावर तांबडा रंग पसरला, चित्र हलले आणि नाहीसे झाले. मग भिंतीतून एक धक्का जाणवला, पाठोपाठ दुसरा. मी दार उघडले.

लतीफ जमिनीवर पडला होता. यंत्राचा शोधक, म्हणजे अंगावर टेकवायचा प्रोब, तारेला लोंबकळत होता. फरशीवर सांडलेल्या जेलमध्ये रक्त मिसळत होते आणि त्या मिश्रणात एक दात पडलेला होता. लतीफच्या छातीवर गुडघा रोवून, त्याचे डोके दोन्ही हातांत धरून मायाप्पा करांडे ते तिसऱ्यांदा आपटायच्या बेतात होता. मायाप्पा चोवीस वर्षांचा होता, जत तालुक्यातला. रुग्णालयाच्या मागच्या फाटकावर त्याची नेमणूक असे. त्याची विजार घोट्यांशी होती. मला पाहताच त्याने डोके सोडले आणि आधी विजार वर ओढली. मग तो लतीफच्या तोंडाजवळ वाकला.

"चाचा," तो म्हणाला, "लागलं का वो?"

त्या प्रश्नात कावा नव्हता. ज्याने मारले तो आणि ज्याने विचारले तो, यांच्यामध्ये एखादे मिनिट गळून पडले असावे, असे ते दिसत होते.

मी पहारेकऱ्यांना बोलावले. दुसरे कुणी बोलावण्यासारखे नव्हतेच. सांगलीच्या पुढे, सीमेलगतच्या त्या रुग्णालयाचे नाव इथे आवश्यक नाही. तिथले सगळे पहारेकरी एकाच माणसाच्या ठेक्यावर होते, एवढे पुरे. त्या माणसाचे नाव इंद्रजित खराडे. अभ्यासासाठी निरोगी तरुण हवेत असे आमचे मूत्ररोगतज्ज्ञ डॉ. उमराणी यांनी त्याला सांगितले, तेव्हा त्याने हसून बारा जण रांगेत उभे केले होते. माझी पोरं लोखंड आहेत, तुमचं यंत्रच तुटेल, असे तो म्हणाला होता. पहिल्या आठवड्यातली मापे पाहून मला त्या वाक्याची आठवण झाली होती, पण लोखंड हे स्पष्टीकरण नव्हे.

मी तेरा आठवडे रीतीप्रमाणे एकेक शक्यता बाद करत आले होते. यंत्र तपासले, ते ठीक होते. मूत्राशय किती भरले आहे ते पाहिले. त्याने फरक पडत नव्हता. रुग्ण, वैद्यकीय विद्यार्थी आणि पहारेकरी, तिन्ही गटांसाठी तीच खोली, तोच शोधक, तोच लतीफ. उरला हाताचा दाब. शोधक जोराने दाबला तर कोणतेही ऊतक कडक भरते, म्हणून मी लतीफला चार लोकांदेखत विचारले होते की पहारेकऱ्यांच्या वेळीच तुमचा हात जड का पडतो.

तो पन्नाशीचा, मिरजेचा माणूस. दुखावला, पण आवाज चढवला नाही. "मॅडम, माझा बाप टांगा हाकायचा," तो म्हणाला. "लगाम किती खेचायचा ते आमच्या हाताला शिकवावं लागत नाय."

तरी मी शोधकासाठी लोखंडी कमान बनवून घेतली. दाब कायमचा एकसारखा झाला. मापे बदलली नाहीत. मी लतीफची माफी मागितली नाही. आकडे अजून समजले नव्हते, एवढेच कारण मी स्वतःला दिले.

खराडे दहा मिनिटांत आला. पांढरा सदरा, तपकिरी चामडी बूट. तोवर चार पहारेकऱ्यांनी मायाप्पाला बोळात आणून भिंतीशी उभे केले होते आणि लतीफला चाकांच्या खाटेवरून खाली नेले जात होते. खराडेने काही विचारले नाही. त्याने मायाप्पाच्या कानाखाली वाजवली, केस धरून त्याला खाली वाकवले आणि गुडघा तोंडावर मारला. मायाप्पा पडल्यावर त्याने बुटाने मारायला सुरुवात केली. तो रागावलेला नव्हता. एका जागी दोनदा मारत नव्हता. बरगडी, मांडी, पुन्हा बरगडी, आणि मध्ये थांबून सदऱ्याची बाही वर करणे. मायाप्पाने डोके झाकले नाही. दोन्ही हात मांड्यांच्या मध्ये धरले. हे मी पाहिले आणि त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

मी मध्ये गेले. खराडेने मला बाजूला केले. ढकलले म्हणणे अधिक बरोबर. माझा डावा हात दाराच्या चौकटीवर आदळला आणि मनगटात ओली काडी मोडावी तसा आवाज झाला.

"मॅडम, तुमचा माणूस मारलाय यानं," तो अगदी सभ्यपणे म्हणाला. "मी तुमच्याच बाजूनं मारतोय."

मी म्हटले, माझ्या बाजूने मारायला मी सांगितलेले नाही.

"सांगावं लागत नाही. ही जनावरं आहेत. आमच्याकडं शर्यतीची घोडी आहेत, त्यांना जेवढं कळतं तेवढंबी यांना कळत नाही." मग तो खाली पडलेल्या माणसाकडे वळला. "ऊठ. रांगेत उभा राहा."

मायाप्पा भिंतीला धरून उठला. खराडेने ओठांचा चंबू केला आणि शिट्टी वाजवली. लांब, सपाट, खालच्या स्वरातली.

बोळात भिंतीशी चार पहारेकरी उभे होते. त्यांना कुणी हात लावला नव्हता, कुणी त्यांच्याकडे पाहतही नव्हते. शिट्टी सुरू झाली तेव्हा चौघांचेही गुडघे एकाच क्षणी एकमेकांना चिकटले. मनगट धरून मी जमिनीवर बसले होते, म्हणून माझे डोळे नेमके त्या उंचीवर होते. उभी असते तर मला ते दिसले नसते.

डॉ. उमराणी जिन्यावरून धावत आले आणि त्यांनी खराडेला कॉलर धरून मागे खेचले. साठीचा, मधुमेही माणूस. पण त्याने खेचले. त्यांच्याबरोबर शस्त्रक्रियागृहातले दोन मदतनीस होते, म्हणून पुढे काही झाले नाही.

मायाप्पाला दाखल केल्यावर त्याच्या मूत्राशयात नळी घातली गेली. तेराशे मिलिलीटर लघवी निघाली. सामान्य माणूस पाचशेलाच बेचैन होतो. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे फुगलेली दिसली. हे एका दिवसात होत नाही, उमराणी म्हणाले. हा मुलगा वर्षभर लघवी अडवून आहे.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावले. माझ्या मनगटाला तोवर प्लास्टर झाले होते.

"सोमवारी मूत्राशयाची मान कापतो," ते म्हणाले. "तोंड आवळलंय, दुसरं काय? तुमचीच मापं सांगतात."

मी म्हटले, माझी मापे आडवे झोपवल्यावर उलटेही सांगतात.

"ते मला माहीत आहे, बाई. पण मूत्रपिंडं थांबायची नाहीत तुमच्या उलटसुलटसाठी."

या शस्त्रक्रियेनंतर वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाते. मूल होण्याची शक्यता बहुतेक संपते. हे त्यांनी मायाप्पाला सांगितले होते. त्याचे लग्न वैशाखात ठरले होते. त्याने फक्त विचारले होते की नाही कापले तर काय होईल. उमराणींनी खरे सांगितल्यावर त्याने अंगठा पुढे केला. तो बारावी पास होता. सही करता येते हे तो त्या क्षणी विसरला असावा.

"दुसरं कारण असेल तर सोमवारी सकाळपर्यंत आणा," उमराणी म्हणाले. "मला कापायची हौस नाही."

मी लतीफकडे गेले. त्याचा जबडा तारांनी बांधलेला होता, तो बोलू शकत नव्हता. त्याच्या हातात वही देऊन मी विचारले की मायाप्पाने मारले त्याच्या आधीच्या क्षणी तुम्ही काय करत होतात. त्याने लिहिले: काही नाही. मी म्हटले, काही नाही असे काही नसते. हात कुठे होते, डोळे कुठे होते, तोंड काय करत होते. त्याने पुन्हा पेन्सिल टेकवली आणि लिहिले: नेहमीची शिट्टी.

कसली नेहमीची, असे मी विचारले.

त्याचे उत्तर पानभर झाले. टांग्याचा घोडा उभा केला की बाप शिट्टी वाजवायचा, म्हणजे घोडा मुतायचा. लोक पाहत असले की माणसांनाही होत नाही. म्हातारे तर पंधरा-पंधरा मिनिटे ताटकळतात. म्हणून तो प्रत्येकाच्या मागे उभा राहून तीच शिट्टी वाजवत असे, पहिल्या दिवसापासून, रुग्णांना, विद्यार्थ्यांना, सर्वांना. मापाच्या कृतीत ते लिहिले नव्हते, कारण ती कृती आहे असे त्याला वाटले नव्हते. खाली त्याने जोडले होते: झोपवून मोजताना कुणी मुतत नाही, म्हणून तेव्हा वाजवत नाही.

मी ते वाक्य पुन्हा वाचले. तेरा आठवडे मी समजत होते की मी माणसाची फक्त स्थिती बदलते आहे. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी दोन गोष्टी बदलत होत्या आणि त्यांतली एक मी चिकटवलेल्या कागदाच्या पलीकडे होती.

बारापैकी ज्या दोन पहारेकऱ्यांची मापे मऊ होती त्यांना मी शोधले. ते खराडेला ठेका मिळण्याच्या आधीपासून रुग्णालयात कामाला होते. बाकी दहा जण त्याच्या माळावरच्या तळावर तीन महिने पहाऱ्याची तालीम घेऊन आलेले होते, आणि अजूनही तिथेच राहत होते. तळावर काय होते, असे मी विचारले. दोघांतला मोठा म्हणाला की त्याला माहीत नाही, आणि माहीत असते तरी मुली-बाळी असलेल्या माणसाला ते विचारू नये.

शिट्टी सर्वांनी ऐकली होती; कडक दहाच जण झाले होते. ते दहा एका ठिकाणाहून आले होते. पण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडते असे होत नाही, आणि बोळात पाहिलेले आठ गुडघे हा पुरावा नव्हता. उमराणींना मी हे सांगितले असते तर त्यांनी मान डोलावून सोमवारी चाकू उचलला असता. त्यांच्या जागी मीही तेच केले असते.

सोमवारी सकाळी आठ वाजता मायाप्पाची नळी काढली. त्याला मी सर्व सांगितले: एकदा शांततेत मोजायचे, एकदा शिट्टी वाजवून. नको म्हणालास तर कुणी जबरदस्ती करणार नाही. तो माझ्या प्लास्टरकडे पाहत होता.

"वाजवणार कोण?" त्याने विचारले. "चाचाचं तोंड तर मीच मोडलंय."

मी म्हटले, मी.

त्याने खाली पाहिले. मग म्हणाला, "माझं हात गजाला बांधा मग. आवाज आला की मला ठाव ऱ्हात न्हाय."

लघवी करताना आधाराला धरायचा एक गज भिंतीत होता. लतीफने, बांधलेल्या जबड्यानिशी, मायाप्पाची मनगटे रुंद पट्टीने त्या गजाला बांधली. तो ते करत असताना मायाप्पा भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि लतीफ त्याच्या पाठीवर अधूनमधून थोपटत होता, जनावराला थोपटतात तसे, पण खराडेच्या अर्थाने नव्हे. काचेवरचा कागद मी काढून टाकला. पलीकडे उमराणी पडद्यासमोर बसले.

पहिले माप शांततेत. पंखासुद्धा बंद होता. पन्नास सेकंद काही झाले नाही. मग धार लागली, आधी तुटक, नंतर सलग. दोनशे ऐंशी मिलिलीटर. उमराणींनी काचेतून हात वर केला आणि तळवा आडवा ठेवला. निळे.

त्याला पाणी पाजून दीड तास थांबलो.

दुसऱ्या वेळी मी त्याच्या मागे उभी राहिले. शिट्टी मला येते. मुलीच्या जातीने शिट्टी वाजवली की घरात साप येतो असे माझी आत्या म्हणायची. नऊ वर्षांची असताना मी सलग एकवीस दिवस वाजवून ते विधान तपासले होते. साप आला नाही. लतीफने नाकातून गुणगुणून मला शिट्टीचा सूर दिला. धार सुरू होऊन स्थिर झाली तेव्हा मी ओठ जुळवले आणि वाजवली. लांब, सपाट, खालच्या स्वरातली.

धार कापल्यासारखी थांबली. त्याच्या पाठीचे सगळे स्नायू एकदम वर आले. त्याने हात ओढले. गज भिंतीतून हलला, पट्टी मनगटात रुतली आणि तिच्या कडेने रक्त आले. घशातून जो आवाज निघाला त्याला शब्द नव्हते. मग उजवी टाच मागे आली आणि माझ्या नडगीवर बसली, इतक्या जोराने की मी भिंतीवर गेले. मी शिट्टी थांबवली नाही. एका मापासाठी चार सेकंदांची सलग नोंद लागते आणि तिसरा सेकंद संपत होता.

"पुरे!" उमराणी काचेपलीकडून ओरडले. "बाई, पुरे करा."

आलेखावर शिट्टीनंतर चार दशांश सेकंदात ऊतक तिपटीहून अधिक कडक झाले होते. मूत्राशयाची मान उघडीच होती. आवळला होता तो तिच्या खालचा, माणसाच्या इच्छेतला स्नायू. तिथे कापण्यासारखे काही नव्हते. उमराणींनी शस्त्रक्रियेचा कागद फाडला नाही. त्यावर तिरकी रेघ ओढून वेळ घातली. असेच करायचे असते.

मी मायाप्पाचे हात सोडवले. मनगट प्लास्टरमध्ये असल्यामुळे वेळ लागला. त्या वेळात, भिंतीकडे पाहतच, त्याने तळावरचे सांगितले. एका बाईला हे सांगतोय याची त्याला लाज वाटत होती आणि मी मागे उभी होते हे बरे होते.

पुढे दहापैकी सहा जणांनी साक्ष दिली, चौघे गाव सोडून गेले. खराडेला शिक्षा झाली ती माझ्या मनगटाबद्दल. त्याचे क्ष-किरण चित्र होते. तळाबद्दल त्याला काहीही झाले नाही. न्यायालयाला आलेख दाखवला तेव्हा तो नेमका कशाचा पुरावा आहे असे विचारण्यात आले. प्रश्न योग्य होता. मायाप्पाचे डावे मूत्रपिंड वाचले नाही, उजवे वाचले. त्याला दोन मुली आहेत. लतीफने नंतर माणसांसाठी कधी शिट्टी वाजवली नाही; म्हातारे ताटकळतात आणि आम्ही थांबतो. त्याची माफी मी त्याच सोमवारी मागितली. त्याने वहीत लिहिले: हात जड नव्हता ना?

याला आता अकरा वर्षे झाली. अभ्यासाच्या अहवालात दहा जणांच्या मापांखाली मी जी टीप लिहिली ती अशी होती.

तळावर रोज पहाटे चाळीस माणसांना एका चरीपुढे रांगेत उभे केले जाई. खराडे शिट्टी वाजवी. ती वाजत असेतोवर लघवी करायची. ती थांबली की थांबायचे. ज्याची धार सुरू राही त्याला मागून दोन पायांच्या मध्ये बुटाची लाथ बसे. शिट्टी केव्हा थांबेल हे सांगितले जात नसे, म्हणून माणसे ती सुरू होताच आवळून घेऊ लागली. तीन महिन्यांत त्यांना त्यासाठी इच्छा करावी लागेनाशी झाली. शुक्रवारी पहाटे मायाप्पा करांडेला दोन लाथा बसल्या होत्या. अकरा वाजून वीस मिनिटांनी आमच्या तंत्रज्ञाने त्याच्या मागे उभे राहून तीच शिट्टी वाजवली.

ऊतकात दोष नव्हता. ते लाथेची वाट पाहत होते.